ताशी पंधरा मैल

आमच्या घरातून बेळगावच्या कचेरीला चालत जायला पाऊण तास लागायचा, आणि तेवढ्यात राज्य बदलायचं. शहापूर एका संस्थानचं, बेळगाव इंग्रजांचं. निपाणीही इंग्रजांचीच, पण निपाणी ओलांडून थोडं पुढं गेलं की दुसरं एक संस्थान लागायचं, म्हणजे तिसरं राज्य, आणि त्यात माझं माहेर. इंग्रज जायच्या आधीची ही गोष्ट. हद्दीला दगड, दगडापाशी नाकं आणि नाक्यावर एक पेंगुळलेला शिपाई. आमच्या ह्यांना त्याचं काहीच अप्रूप नव्हतं, कारण हे बेळगावहून निपाणीवरून त्या तिसऱ्या राज्यापर्यंत उतारूंची सर्व्हिस मोटार न्यायचे. दिवसाला तीन राज्यं पालथी घालायचे, आणि घरी आल्यावर तोंडातून तीन शब्द निघायचे नाहीत.

समन्स आलं ते चैत्राच्या उतरत्या पक्षात. मी रहाटापाशी बसून घरच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरत होते, तर दारात पट्टेवाला उभा. कागदावर शिक्के तीन. जिथं गुन्हा घडला त्या संस्थानचा पहिला, मग बेळगावच्या इंग्रजी कचेरीचा, मग आमच्या शहापूरच्या कचेरीचा. हे तीन शिक्के गोळा करत फिरायला त्या कागदाला तीन महिने लागले होते. मोटार जोरात हाकली म्हणून काढलेलं समन्स, आणि ते स्वतः बैलगाडीच्याही मागून आलं होतं. सुनावणीला उरले होते अकरा दिवस.

आमच्या घरात न अडखळता वाचणारी मी एकटी. माझे वडीलही विणकराच्या घरातलेच, पण माग सोडून शाळामास्तर झाले होते आणि त्यांनी मला पाचवीपर्यंत हट्टानं शिकवलं होतं. म्हणून कागद माझ्याकडं आला. मी मोठ्यानं वाचला. गावाच्या तोंडाला ताशी पंधरा मैलांची हद्द असता अदमासे दुप्पट वेगानं मोटार हाकून रयतेच्या जिवाला धोका आणला, असं त्यात होतं. खाली इंग्रजी तारीख, ह्यांच्या रोजच्या वाटेवरच्या एका गावाचं नाव, आणि हजर न राहिल्यास वॉरंट काढण्याची तंबी.

मी ह्यांना विचारलं, कधी केलात हा पराक्रम? म्हणाले, असंल कवातरी. धरलं होतं का वाटेत? व्हय, सही घेतलीती. मग घरात सांगितलं का नाही? त्यावर ह्यांनी चहा बशीत ओतला. मग मात्र माझी तार सटकली. दररोज पंचवीस माणसांचा जीव ज्याच्या हातात, त्यानं असं बेफाम सुटावं? कुणाचं पोर चाकाखाली आलं असतं तर? मी बोलत राहिले आणि हे चहाची बशी दोन्ही हातांत धरून ऐकत राहिले. माझा राग तसा जुनाच होता. पौषात माझे वडील जायला टेकले होते तेव्हा ह्यांनी मला मोटारीतून माहेरच्या दारात सोडलं, आत डोकावून पाहिलं आणि उभ्या उभ्या मागं फिरले. थोरला जावई, पण एक रात्र थांबला नाही. वडील दुसऱ्या दिवशी गेले. माहेरच्या बायका त्यावर जे बोलल्या ते मी तीन महिने गिळत होते. तेही त्या दिवशी काढलं. हे म्हणाले, चा थंड झाला.

खरा घोर वेगळाच होता. ह्यांचे मालक बेळगावचे, माणूस देवभोळा पण कडक. दर महिन्याला ते सगळ्या ड्रायव्हरांची लायसन्सं हातात घेऊन बघायचे. आदल्या वर्षी लायसन्सवर शेरा आला म्हणून त्यांनी एका जुन्या ड्रायव्हरला उभ्या उभ्या काढलं होतं. आमचे हे पिढीजात माग सोडून मोटारीवर गेलेले. लायसन्सची ती लहानशी वही लुगड्याच्या पदराच्या रेशमी तुकड्यात गुंडाळून आतल्या खिशात ठेवायचे. बायकोकडं एवढं जपून कधी बघितलं नसेल. ती वही डागाळली तर नोकरी गेली, आणि नोकरी गेली की पुन्हा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसणं आलं. ते ह्यांना जमलं नसतं. करपून गेला असता माणूस. मी कितीही तोंड सोडलं तरी एवढं मला कळत होतं.

आता या कागदाला उत्तर काय द्यायचं?

आप्पांचं, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचं, मत तयार होतं. घर आणि चार माग तेच बघायचे. आमच्याकडं थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नसे, त्यामुळं मला ऐकवायचं असलं की आप्पा खांबाशी बोलायचे. ते खांबाला म्हणाले, की तिकडच्या संस्थानचा कागद इकडं चुलीत घालायच्या लायकीचा. इथं त्यांचा शिपाई पाय ठेवू शकत नाही, मग भ्यायचं कशाला? मी दाराआडून रहाटाला सांगितलं, की शिपाई इकडं येणार नाही हे खरं, पण मोटार रोज तिकडं जाते. नाक्यावर वॉरंट घेऊनच उभे राहतील. आप्पांनी खांबाला सांगितलं, की मग मोटार सोडावी, मागाचा एक खड्डा रिकामाच आहे. त्यांचा जीव खरं तर त्या रिकाम्या खड्ड्यात अडकला होता.

आमच्या आळीत बेळगावच्या एका वकिलाचा कारकून राहायचा. त्याला बोलावलं. तो पान लावत लावत म्हणाला, की गुन्हा कबूल म्हणून टपालानं लिहून दंड पाठवता येईल, पण मग लायसन्सही टपालात घालावं लागेल आणि त्यावर शेरा, तारीख सगळं चढून येईल. न जाणं हा मूर्खपणा. जाऊन नाकबूल करावं तर शिपाई साक्षीला उभा राहणार आणि ह्यांची सही त्याच्याकडं. मी विचारलं, मग करावं तरी काय? तेव्हा त्यानं सुपारी गालात सरकवली आणि कानमंत्र दिला. तारखेत खोट काढा. समन्स तीन कचेऱ्या फिरून आलंय, कुठंतरी कारकुनानं तारीख चुकवलीच असेल. त्या तारखेला मोटार बंद होती असं दाखवता आलं, तर सगळंच खोटं पडतं.

मी ह्यांच्या मागं लागले. त्या तारखेला काय वार होता, कुठं होतात, मोटारीत काही बिघाड झाला होता का, आठवा जरा. हे म्हणायचे, बघू. दुसऱ्या दिवशी पुन्हा, बघू. एकदा म्हणाले, जाऊन येतो, काय व्हायचं ते हुईल. मी म्हटलं, नोकरी जाईल. म्हणाले, जाईल. असा संताप यायचा. घर जळत असताना हा माणूस उंबऱ्यावर बसून विडी ओढेल, असं मी सासूबाईंच्या देखत म्हणाले, आणि त्यांनीही नाही म्हटलं नाही.

पाच दिवस असे गेले आणि अमावास्या आली. अमावास्येला आमच्या आळीत एकही माग वाजायचा नाही. धोटा हलवणं म्हणजे पाप. ह्यांच्या मालकांचंही तेच होतं. अमावास्येला मोटार धुवायची, तिला हार घालायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं, नारळ फोडायचा, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत मोटार शेडातून एक वीतही हलवायची नाही. मालकांचा तो नेमच होता आणि साऱ्या बेळगावला तो ठाऊक होता. हे सकाळी पूजा उरकून आले आणि माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. तो तोंडात टाकता टाकता माझ्या डोक्यात उजेड पडला.

ती तारीख अमावास्या असली तर?

नवं पंचांग पाडव्याला आलं होतं. जुनं आढ्याच्या बांबूत खोचलेलं होतं. मी पाटावर पाट ठेवून ते काढलं, धूळ झटकली आणि इंग्रजी तारखांच्या रकान्यावरून बोट फिरवत निघाले. ती तारीख सापडली. शेजारी तिथी होती अमावास्या. मला त्या वेळी जग जिंकल्यासारखं झालं. मी पंचांग तसंच उघडं टाकून दौत-टाक घेतला आणि तिथंच उत्तर लिहायला बसले. सदर तारखेस अमावास्या असून मालकांच्या नेमाप्रमाणे सदर मोटार शेडात बंद होती, सबब आरोप समूळ खोटा आहे, वगैरे वगैरे. लिहिलेलं सगळ्यांना वाचून दाखवलं. वडिलांनी अक्षर गिरवून घेतलं त्याचं आज सार्थक झालं असं वाटलं.

आप्पांनाही पटलं. आनंदाच्या भरात ते चक्क माझ्याशी बोलले. म्हणाले, मालकांकडनं तेवढी एक चिठ्ठी आणतो, त्या दिवशी मोटार बंद होती म्हणून. मालक देवभोळे, अमावास्येचं नाव काढलं की लगेच देतील. टोपी चढवून ते उठलेसुद्धा.

हे तोवर भिंतीला टेकून बसले होते. एकदम पुढं झाले आणि त्यांनी आप्पांचं धोतर धरलं.

"आप्पा, बसा. मालकाकडं जायाचं न्हाय."

आप्पा थबकले. मी विचारलं, का म्हणून? एवढी रामबाण युक्ती सापडली, आणि आता कुठं माशी शिंकली? ह्यांनी माझ्याकडं न बघता जमिनीवरच्या पंचांगाकडं हात केला.

"खालची वळ वाच."

मी वाकून बघितलं. अमावास्येच्या खालची ओळ माघ शुद्ध प्रतिपदेची. तिच्या कडेला काजळाचं बोट उमटलेलं होतं. ते बोट माझंच. माझे वडील प्रतिपदेला गेले. वर्षश्राद्धाची तिथी चुकू नये म्हणून माहेरून आल्यावर मीच ती खूण करून ठेवली होती.

माझ्या डोक्यात तो दिवस वडिलांचा दिवस म्हणून होता. तो अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी होता, त्याच्या आदल्या दिवशी माग बंद होते, मोटारही बंद असायला हवी होती, हे मला कधी सुचलंच नव्हतं. निपाणीच्या पोस्टातून तार आली तेव्हा दुपार झाली होती. हे शेडाकडं गेले आणि थोड्या वेळानं मोटार घेऊनच दारात आले. मालकानं दिली, एवढंच म्हणाले. मी कशाला विचारतेय? मला वडिलांपलीकडं काही दिसत नव्हतं.

मालक त्या दिवशी परगावी देवाला गेले होते, हे आता ह्यांच्या तोंडून निघालं. ह्यांनी त्यांना न विचारता, पूजा झालेली मोटार, चाकाखालचं लिंबू बाजूला सारून बाहेर काढली होती. आणि मालक परतायच्या आत ती जागेवर लावायची होती, म्हणून माहेरच्या दारातून हे उभ्या उभ्या मागं फिरले होते.

मला सगळंच आठवायला लागलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, नवरा ड्रायव्हर, पण मोटारीत बसण्याची ती माझी पहिलीच वेळ. माहेरी मी कायम बैलगाडीनंच गेलेली. त्यामुळं झाडं अशी मागं पळतात, पोटात असा गोळा येतो, पदर सुटून तोंडावर फडफडतो, हे सगळं मला मोटारीचं साधं चालणं वाटलं. मोटार म्हटल्यावर अशीच चालणार. उलट मला तीही सावकाश वाटत होती. मी मागच्या बाकाला घट्ट धरून सारखी ओरडत होते, लवकर हाका, लवकर हाका. वाटेत एका गावाच्या तोंडाला ती थांबली. हे उतरून एका चिंचेखाली कुणाशी तरी बोलले, काहीतरी लिहून दिलं, परत आले. मी विचारलं, का थांबलात? म्हणाले, पाणी घातलं. आणि मी त्यावरूनही त्यांना बोलले होते. माझा बाप तिकडं शेवटचे श्वास मोजतोय आणि तुम्हाला मोटारीच्या पाण्याची पडलीय, असं म्हणाले होते.

मी लिहिलेला कागद फाडला. नंतर कितीतरी वेळ मला वर बघता आलं नाही. आणि त्यातही ह्यांचा रागच येत होता. एक शब्द, तीन महिन्यांत एक शब्द बोलला असता हा माणूस तर माझी जीभ एवढी विटाळली नसती.

आप्पा टोपी काढून खाली बसले. त्यांनी खांबाला विचारलं, की आता काय करायचं? खरं सांगितलं तर मालकांची मोटार चोरून नेल्यासारखं, आणि तीही अमावास्येला. खोटं सांगावं तर मालकांची चिठ्ठी लागणार. टपालानं कबूल करावं तर शेरा आणि तारीख येणार, आणि ती तारीख मालक बघताक्षणी ओळखणार. शेवटी मीच म्हटलं, जायचं. दोघांनी. समोर उभं राहून कबूल करायचं आणि शेरा मारू नका म्हणून हात जोडायचे. का हाकली ते सांगायचं नाही, नाहीतर मोटार कुणाला विचारून काढली तेही निघेल, असं हे म्हणाले, आणि मला तोंड उघडायचं नाही अशी आईची शपथ घातली. ती शपथ मी घेतली. पाळीन असं मनात म्हटलं नव्हतं.

त्या संस्थानच्या तालुक्याच्या गावी कचेरीत आमचा पुकारा झाला तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. मी मागं दाराशी पदर ओढून उभी. आधी शिपायाची साक्ष झाली. चिंचेपासून मारुतीच्या देवळापर्यंतची वाट त्यानं हातात घड्याळ धरून मोजली होती. वर तो म्हणाला, मोटारीत दुसरं कुणी नव्हतं, फक्त मागं एक बाई बसून लवकर हाका म्हणून ओरडत होती. कचेरीतली दोनचार माणसं हसली. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

मॅजिस्ट्रेट वयस्क होते. त्यांनी ह्यांना विचारलं, गुन्हा कबूल आहे का? हे म्हणाले, आहे. मग विचारलं, एवढ्या वेगानं का हाकली?

"उतार व्हता, साहेब."

मॅजिस्ट्रेटनी चष्मा काढला. ते म्हणाले, त्या गावाला मी वर्षानुवर्षं जातो. निपाणीकडून येताना तिथं चढ लागतो. साऱ्या कचेरीत ह्यांच्याइतकं गप्प कुणालाच राहता आलं नसतं. मॅजिस्ट्रेटनी टाक उचलला, लायसन्स पुढं ओढलं, आणि ती रेशमी चिंधी मेजावरून घसरून खाली पडली.

मला राहवलं नाही.

"चढच हाय, साहेब. ह्ये काय सांगायचे न्हाईत. माझा बा जायाला लागलता, म्हून हाकली. ती बाई मीच."

ह्यांनी मागं वळून माझ्याकडं असं बघितलं की त्याला नाव नाही. मॅजिस्ट्रेटनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता मोटार कुणाची, कुणाच्या परवानगीनं आणली, सगळं खोदून काढणार. त्यांनी एवढंच विचारलं:

"मग भेटले का वडील?"

भेटले, मी म्हटलं. बोलले. माझ्या हातचं पाणी प्याले.

मॅजिस्ट्रेटनी टाक दौतीत ठेवला. दंड सांगितला, तो कायद्यानं होता तेवढाच, एक पैसाही कमी नाही. लायसन्स मात्र त्यांनी न उघडता मेजावरून ह्यांच्याकडं सरकवलं आणि पुढचा पुकारा करायला सांगितलं. हे वाकून ती चिंधी शोधायला लागले. मेजाखालून ती मीच उचलून दिली.

बाहेर आल्यावर ह्यांनी शपथ मोडल्याबद्दल काही म्हटलं नाही. मीही तीन महिन्यांबद्दल काही म्हटलं नाही. म्हणजे म्हणायचं होतं, ओठांवर आलं होतं, पण कशातून सुरुवात करावी कळेना. परतीला दुसऱ्याच कुणाची तरी सर्व्हिस मोटार मिळाली. शेजारी शेजारी बसलो. मोटारीत बसायची माझी ती तिसरी वेळ. सकाळी आलो तेव्हा भीतीनं मी डोळे मिटूनच बसले होते, म्हणून परत जाताना पहिल्यांदा नीट बाहेर बघितलं.

मोटार निघाली आणि निघालीच नाही असं वाटलं. माझ्या मनातली मोटार वेगळीच होती. ही बाभळी मोजता येतील अशी जात होती. वाटेवरून जाणारी एक म्हातारी आम्हाला ओळखून हात करू शकली असती. पदर जागचा हलत नव्हता. चिंच आली, देऊळ आलं. आता तर तिथं उतार होता, तरी मोटार कुणाला तरी न उठवता घराबाहेर पडावं तशी त्या गावातून निघाली. मी त्या ड्रायव्हरच्या पाठीकडं बघितलं, मग ह्यांच्या हातांकडं. ते मांडीवर शांत पडलेले होते.

"अवो," मी म्हटलं, "ही लई सावकाश चाललीया."

हे खिडकीतून बाहेर बघत होते.

"मोटार अशीच चालती," ते म्हणाले.